सोळा रंगांतला परग्रह

रात्रीची वेळ. गाडी करकचून ब्रेक लावत थांबते, दिव्यांचा झोत जमिनीवर पसरतो, आणि झोताखालची जमीन दिसत राहते. ‘अनदर वर्ल्ड’ या व्हिडिओ गेमच्या सुरुवातीचा हा काही सेकंदांचा तुकडा मी थांबवून थांबवून कितीदा पाहिला, त्याला गणती नाही. तो झोत पारदर्शक दिसतो. हा खेळ 1991 सालचा. पडद्यावर एका वेळी फक्त सोळा रंग. मग पारदर्शक प्रकाश आणला कुठून?

युक्ती बेरजेची आहे. संगणक रंगांना नावानं नाही, क्रमांकानं ओळखतो: 0 ते 15. चित्रकारानं या रंगपेटीचे दोन भाग पाडले. देखावा पहिल्या आठ रंगांत रंगवायचा आणि पुढच्या आठ घरांत प्रकाश पडल्यावरच्या छटा ठेवायच्या. झोताचा आकार जिथे पडेल तिथल्या प्रत्येक ठिपक्याच्या क्रमांकात आठ मिळवायचे. समजा, गडद निळा 2 क्रमांकावर असेल, तर तो 10 होतो आणि उजळतो. झाला उजेड. रंगाची एक जास्तीची कांडी न घेता रात्र उजळली.

ही बेरीज करणारा चित्रकार आणि प्रोग्रॅमर एकच होता: एरिक शाई, जन्म 1967, फ्रान्स. फ्रेंचमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, म्हणून Chahi हे आडनाव ‘शाई’ असं ऐकू येतं. चित्रकाराला याहून शोभेलसं आडनाव मराठी कानाला सापडायचं नाही. 1983 च्या सुमारास, शाळकरी वयात, तो ओरिक नावाच्या छोट्या घरगुती संगणकावर खेळ लिहू लागला. पुढे डेल्फीन सॉफ्टवेअर या फ्रेंच कंपनीच्या 1989 मधल्या ‘फ्यूचर वॉर्स’ या कालप्रवासाच्या खेळाची चित्रं त्यानं काढली. ती चित्रं सुबक होती, ठिपका ठिपका भरून काढलेली, त्या काळाच्या रीतीला धरून. तो तिथंच थांबला असता तर आज त्याच्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं.

त्याच वर्षी त्यानं अमिगा संगणकावर ‘ड्रॅगन्स लेअर’ पाहिला. हा मुळात 1983 चा लेझर डिस्कवर चालणारा खेळ, अॅनिमेटर डॉन ब्लूथच्या हातची अस्सल चित्रपटी अॅनिमेशन असलेला. ती चित्रं घरच्या संगणकावर आणायची तर फ्लॉप्यांची चळत लागत होती. शाईला ती मोठमोठी, सपाट रंगांची, हलती माणसं आवडली आणि त्याला वेगळंच सुचलं: चित्र साठवायचंच कशाला? आकाराचे कोपरे तेवढे लक्षात ठेवू, आणि मधला भाग आयत्या वेळी रंगानं भरू.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. ठिपके कुठे द्यायचे आणि कोणता कोणाला जोडायचा हे ठाऊक असलं की पुरे. तीच रांगोळी हातभर होते नाहीतर अंगणभर. बहुभुजांचं चित्र असंच असतं. ते जागा थोडी खातं आणि मोठं केलं तरी फाटत नाही. बदल्यात द्यावे लागतात ते बारकावे. डोळे नाहीत, नाक नाही, कापडाची चुणी नाही. गेमचा नायक लेस्टर चालत असतो तेव्हा त्याचा चेहरा म्हणजे कातडीच्या रंगाचा एक ठिपका, वर लाल केसांचा तुकडा. तरी तो घाबरला आहे हे कळतं, कारण त्याचं अंग घाबरलेल्या माणसासारखं हलतं. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुली सपाटच, पण तिच्या हालण्यावर लोक रामायण पाहतात. शाईच्या सगळ्या कामाची किल्ली मला इथे सापडते. चित्रातला जीव हालचालीत असतो, हा विश्वास त्यानं वयाच्या बाविसाव्या वर्षी धरला आणि पुढची तीस वर्षं सोडला नाही.

हालचाल त्यानं स्वतःच्याच अंगावरून उचलली. घरी कॅमकॉर्डर लावून तो धावला, चढला, पडला. मग ती चित्रफीत संगणकाच्या पडद्यामागे उमटेल अशी जोडणी केली आणि एकेक चौकट थांबवून तिच्यावर बहुभुज बेतले. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. चित्रपटवाल्यांची ही युक्ती फार जुनी. पण एका खोलीत, घरगुती सामानावर, नट, छायाचित्रकार, चित्रकार आणि प्रोग्रॅमर अशी चारही कामं एकाच माणसानं करणं ही गोष्ट वेगळी. आकार बेतायचं साधनही त्यानं स्वतःच लिहिलं. संगीत तेवढं ज्याँ-फ्रान्स्वा फ्रेतास यांचं.

गोष्ट थोडक्यात अशी. तरुण पदार्थवैज्ञानिक लेस्टर रात्री प्रयोगशाळेत येतो, कणत्वरकाचा प्रयोग सुरू करतो, शीतपेयाचा डबा उघडून निवांत बसतो. वीज कोसळते आणि तो भलत्याच जगातल्या पाण्यात जाऊन पडतो. यानंतर खेळ एक अक्षर बोलत नाही. गुण नाहीत, जीव किती उरले याचा आकडा नाही, सूचना नाहीत. पडदाभर फक्त चित्र. पाण्यातून बाहेर आलं की दूरच्या कड्यावर एक काळा चारपायी आकार उभा दिसतो, क्षणभर थांबतो आणि निघून जातो. थोड्याच वेळात तोच आकार समोर उभा ठाकतो. त्या प्राण्यात काळ्या रंगाशिवाय पाहण्यासारखं काही नाही, आणि तरीही तो मला पुढच्या काळातल्या, केस न् केस दाखवणाऱ्या कितीतरी राक्षसांपेक्षा भयानक वाटतो. कड्यावरच्या त्या एका थांबण्यानं भीती आधीच पेरून ठेवलेली असते.

गेमचा आराखडा शाईनं आधी कागदावर मांडलेला नव्हता. एक प्रसंग करायचा, मग पुढचा सुचेल तसा. एकट्यानं काम करण्यातला एकाकीपणा चित्रांत उतरला, हे त्यानं पुढे सांगितलं आहे. सुरुवातीची ती ओसाड भूमी पाहताना ते पटतं. नंतर टांगत्या पिंजऱ्यात लेस्टरला एक परग्रहवासी भेटतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पिंजरा झुलवून झुलवून खाली पाडतात, पहारेकरी चिरडतो आणि मैत्री होते. त्या सोबत्याचं नावही कधी सांगितलेलं नाही. तो फक्त हात करून बोलावतो आणि पुढे धावतो. शब्दावाचून इतकी नितळ मैत्री रंगवलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

सतरा महिन्यांच्या कामानंतर खेळ जेमतेम एक तृतीयांश झाला होता. शाई प्रकाशक शोधत फिरला. एका मोठ्या कंपनीनं सगळं बदलून माऊसनं टिचक्या मारत खेळायचा खेळ करा, असं सुचवलं. अखेर जुन्याच डेल्फीननं होकार दिला. मध्येच संगणक बाजूला ठेवून त्यानं खोक्यावरचं चित्रही स्वतःच रंगवलं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहून अंक हातात घेणाऱ्या आपल्या पिढ्यांना त्यामागची ओढ वेगळी सांगायला नको. नोव्हेंबर 1991 मध्ये खेळ बाजारात आला.

अमेरिकेत तो ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ या नावानं इंटरप्ले कंपनीनं काढला. त्यांना सुरुवातीचं संगीत बदलायचं होतं. शाईनं मूळ संगीत ठेवा असा मजकूर लिहिलेल्या कागदाची टोकं चिकटवून त्याचं वेटोळं केलं आणि ते फॅक्स यंत्रात फिरत सोडलं, म्हणजे पलीकडे तोच निरोप थांबायचं नाव न घेता छापला जाईल. संगीत राहिलं. आपल्या चित्राच्या एकेका भागासाठी असं भांडणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

मग पुढचं वळण, जे मला अधिक विचार करायला लावतं. एकट्यानं जे साधलं ते मोठ्या चमूनं अधिक चांगलं साधेल, असं वाटणं साहजिक होतं. 1992 मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर ‘अमेझिंग स्टुडिओ’ काढला आणि ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर सहा वर्षं घालवली. कुत्र्याच्या शोधात अंधाराच्या राज्यात जाणारा एक मुलगा, सावल्यांचे राक्षस, हातानं रंगवलेल्या असंख्य चौकटी. 1998 मध्ये तो आला तेव्हा खेळांची दुनिया त्रिमितीकडे वळली होती. त्यात देखणी दृश्यं भरपूर आहेत, पण माझ्या मते भरतकामही भरपूर झालं. ‘अनदर वर्ल्ड’मध्ये प्रेक्षकाच्या मनाला जी रिकामी जागा होती, ती इथे रंगांनी भरून गेली.

त्यानंतर तो बरीच वर्षं या धंद्यातून बाहेर राहिला आणि ज्वालामुखींच्या मागे लागला. व्हानुआतूमधला यासूर त्यानं जवळून पाहिला. त्या पाहण्यातून 2011 मध्ये युबिसॉफ्ट कंपनीसाठी केलेला ‘फ्रॉम डस्ट’ आला. यात वाळू, पाणी आणि लाव्हा यांच्या हालचाली आधी काढून ठेवलेल्या नाहीत. वाळू ढासळते कशी, पाणी वाट कशी काढतं, लाव्हा गार होऊन खडक कसा बनतो, याचे नियम संगणकाला शिकवले आहेत. खेळणारा मूठभर वाळू उचलून दुसरीकडे टाकतो आणि नदी वळते. एकेक चौकट हातानं बेतणारा माणूस आता नियम लिहून बाजूला उभा राहिला.

2020 चा ‘पेपर बीस्ट’ त्याच्याही पुढचा. त्याच्या पिक्सेल रीफ या छोट्या स्टुडिओनं तो आभासी वास्तवाच्या चष्म्यासाठी केला. एका अफाट संगणकाच्या स्मृतीच्या तळाशी विसरली गेलेली माहिती साचते आणि तिच्यातून एक जीवसृष्टी उपजते, ही विज्ञानकल्पना. प्राणी कागदाचे: घड्या, पट्ट्या, चुरगाळे. ते चालतात तेही भौतिकशास्त्राच्या गणितानं, म्हणून अडखळतात आणि तोल सावरतात. कड्यावर थांबलेला काळा आकार आणि वाळवंटात पाय रोवू पाहणारा हा कागदी प्राणी यांच्यामध्ये जवळजवळ तीस वर्षं आहेत. एकाची हालचाल काढलेली, दुसऱ्याची उपजलेली. दोन्ही वेळा पृष्ठभाग साधा, आणि दोन्ही वेळा नजर खिळते ती हालचालीवर.

2006 मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ची पंधराव्या वर्षाची आवृत्ती निघाली तेव्हा 320 बाय 200 ठिपक्यांचं चित्र 1280 बाय 800 वर न्यायचं होतं. मागचे देखावे शाईनं नव्यानं तपशील भरून काढले. माणसं आणि प्राणी मात्र मूळच्याच कोपऱ्यांवर मोठे झाले, कडा अगदी स्वच्छ. ‘इको’चा कर्ता फुमितो उएदा आणि हिदेओ कोजिमा या दोघा गेमनिर्मात्यांनीही या खेळाचं ऋण सांगितलं आहे. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत हा होता.

खेळ आजही संगणकावर मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर दिवे मालवून एकदा खेळून बघा. सुरुवातीला तळ्यात पडाल तेव्हा देखावा पाहत थांबू नका, लगेच वर पोहा. खालून काहीतरी येत असतं.