या महिन्याची यादी तुमच्याकडे

एक सोपा प्रश्न विचारतो. तुमच्या घरी महिन्याला तेल किती लागतं? तूरडाळ किती? साखर? स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचं नाही, मनानेच सांगायचं.

नाही ना येत सांगता? मलाही येत नव्हतं. मोबाइलचं रिचार्ज कोणत्या तारखेला संपतं, कॅन्टीनचा वडापाव कधी महागला, हे सगळं पाठ. आणि ज्या घरात वीस वर्षं जेवतोय, तिथे डाळ किती शिजते याचा पत्ता नाही.

शिकावं लागलं, कारण आमच्या घरात माणसं वाढली. एसवायला असताना आम्ही चौघं होतो: आई, बाबा, दादा आणि मी. दीड वर्षात सात झालो. दादाचं लग्न झालं, वहिनी आली. आजोबा गेल्यावर आजी गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला राहायला आली. मग दादा-वहिनीला मुलगी झाली. वहिनी बिनपगारी रजेवर, म्हणजे घरात येणारे पगार दोन, बाबांचा आणि दादाचा.

चाराचे सात झाले म्हणजे किराणा पावणेदोन पट होईल, असं माझं कॉमर्सवालं गणित होतं. तसं होत नाही. मीठ, हळद, मोहरी फारशी वाढत नाही. पण प्रत्येक नवं माणूस आपली यादी घेऊन येतं. आजीला सकाळी ज्वारीची भाकरी आणि रात्री मऊ भात. बाळंतिणीसाठी डिंक, हळीव, खारीक, खोबरं, साजूक तूप. बाळाचे डायपर तर वेगळेच. डायपर हा काही किराणा नव्हे, पण बिल त्याच दुकानाचं.

एका रात्री आई-बाबांचं बोलणं कानावर आलं. माझ्या पुढच्या सेमच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दोन महिने किराण्याचं बिल गेलं होतं. बाबा म्हणाले, 'बघू, सोसायटीतून कर्ज काढू.' मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो होतो, तसाच परत जाऊन पडलो.

त्यानंतर मी जरा लक्ष देऊन बघायला लागलो. आई आता कोरा चहा घ्यायची. विचारलं तर 'मला दुधाने ॲसिडिटी होते'. रात्रीचा दुधाचा ग्लास बंद झाला होता. केळी आली की आजीला, वहिनीला, मला मिळायची, तिला 'नको वाटायची'. म्हणजे आमच्या घरात काटकसर कधीच सुरू झाली होती, फक्त ती एकाच ताटातून चालली होती. तुमच्याकडे खर्च एकदम आटोक्यात आलेला दिसला तर हे आधी तपासा. घरातलं कोण काय खायचं बंद झालंय? ती बचत मोडून काढायची आणि पैसे दुसरीकडून शोधायचे.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार शहरातल्या कुटुंबाच्या खर्चातला साधारण ४० टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो, गावाकडे ४७ टक्के. घरभाड्याशी किंवा फीशी आपण घासाघीस करू शकत नाही. इथे थोडं तरी आपल्या हातात असतं.

मी आईला म्हटलं, 'या महिन्याची यादी मी करतो.' ती हसली. 'कर बाबा. बघू काय आणतोस.'

पहिल्या महिन्यात मी माती खाल्ली, ते आधी सांगून टाकतो. मोठ्या दुकानातल्या सेलला गेलो. एकावर एक फ्री असलेले कॉर्नफ्लेक्स आणले, जे आमच्याकडे कोणीच खात नाही. चणाडाळ स्वस्त दिसली म्हणून पाच किलो उचलली. महिना जूनचा. ऑगस्टमध्ये डबा उघडला तर डाळीत आमच्या आधी दुसरेच जेवून गेले होते. आजीने निम्मी निवडून वाचवली, उरलेली टाकली. पाच किलोवर वाचवलेले पैसे दोन किलो फेकण्यात गेले.

मग आजीनेच रस्ता दाखवला. ती म्हणाली, 'अरे बाळा, दुकानात जायच्या आधी डबे बघावेत.' एवढंच. महिन्याच्या एक तारखेला सगळे डबे उघडून मी प्रत्येकात काय आहे ते मोजलं आणि वहीत लिहिलं. तीस तारखेला पुन्हा मोजलं. मधल्या खरेदीची बेरीज केली. तीन महिन्यांत आकडे स्थिरावले: तेल साडेपाच लिटर, तूरडाळ साडेतीन किलो, साखर चार. आम्ही आणत होतो तेल सात लिटर आणि साखर पाच किलो, कारण चौघांची यादी दादाने अंदाजाने दुप्पट केली होती आणि तीच दर महिन्याला कॉपी-पेस्ट होत होती. जास्त आणलं की जास्त वापरलं जातं, हेही कळलं. काठोकाठ भरलेल्या बरणीतून हात सढळ सुटतो. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल सांगतात. आम्ही सहा खाणारे, म्हणजे साडेपाच लिटर काही उपासमार नव्हे. आणि हो, मोजताना रव्याची तीन अर्धवट पाकिटं तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत सापडली.

आता दुकानात काय बघायचं ते सांगतो. पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव. तो छापणं वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पाकीट किलोच्या आतलं असेल तर ग्रॅमचा भाव असतो, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. म्हणजे तुलना करताना ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणायचं. हा भाव एमआरपीवर काढलेला असतो, दुकानदाराने दिलेली सूट त्यात नसते. सूट असेल तर भागाकार स्वतः करायचा. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

तेलाच्या पिशव्यांत तर हा भागाकार कराच. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण सगळ्या पिशव्या आता लिटरच्या राहिलेल्या नाहीत. एकीवर ९१० ग्रॅम, शेजारच्या तेवढ्याच जाड दिसणाऱ्या पिशवीवर ८४० ग्रॅम. समजा पहिली १५५ रुपयांना आहे आणि दुसरी १४८ ला. हात आपोआप दुसरीकडे जातो. हिशेब केला तर पहिली किलोला १७० रुपये पडते, दुसरी १७६. सात रुपये वाचवले म्हणून आपण खूश, आणि किलोमागे सहा रुपये जास्त देऊन घरी. बिस्किटांचंही तेच. दहाचा पुडा दहालाच राहतो, आतली बिस्किटं कमी होतात.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हाही गैरसमज. शाम्पूच्या पुड्या अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. विश्वास बसत नसेल तर आज बाथरूममध्ये जाऊन भागाकार करा.

सुट्या मालाला नाक मुरडू नका. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे डाळ सुटी मिळते, हातात घेऊन बघता येते आणि महिनाअखेरीपर्यंत वहीत मांडून ठेवली जाते, बिनव्याजी. शिवाय ते काका फुकटात माहिती देतात. 'संक्रांतीनंतर नवी तूर येईल, तेव्हा घे जास्तीची.' नवी तूर बाजारात आली की भाव बहुतेकदा उतरतो. चार पैसे हाताशी असतील तर तेव्हा दोन-तीन महिन्यांची घ्यावी, चांगली वाळवावी आणि एरंडेलाचा हात फिरवून ठेवावी. जूनमधल्या चणाडाळीला मी यातलं काहीच केलं नव्हतं.

कांद्याचंही शास्त्र आहे. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदा टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही. मे महिन्यात पंचवीस किलोची गोणी आणून गॅलरीच्या सावलीत पसरली की गणपतीपर्यंत तरी बघावं लागत नाही, आणि कांद्याचे भाव बहुतेकदा त्यानंतरच डोकं वर काढतात. फक्त आठवड्यातून एकदा सडका कांदा शोधून काढायचा. ते काम माझं. वासावरून सापडतो.

सगळीकडे पैसे वाचतातच असं मात्र नाही. लोकवन गहू आणून गिरणीतून दळायचा आणि तयार पिठाचं पाकीट घ्यायचं, या दोन्हींचा हिशेब आम्ही मांडला. किलोमागे फार फरक पडला नाही. तरी गहूच आणतो, कारण पाकिटातल्या पिठाच्या पोळीला आजी 'रबर' म्हणते आणि अर्धी पोळी ताटात ठेवते.

खरा फरक पडला तो बाळाच्या खाण्यात. सहा महिने झाल्यावर डॉक्टरांनी वरचं खाणं सुरू करायला सांगितलं, तेव्हा दादाने तयार पावडरचा डबा आणला. छोटासा डबा, आठवड्यात संपला. आजीने डॉक्टरांना विचारायला लावलं आणि मग नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, हलकी भाजून दळली आणि वस्त्रगाळ करून ठेवली. एक किलो नाचणीचं सत्त्व कितीतरी दिवस पुरलं. पुढच्या वेळी फडकं बांधायला वहिनीने मला बसवलं.

रेशनकार्ड हा विषय आपल्या वयात कंटाळवाणा वाटतो, पण घरात माणूस वाढलं की तो आधी बघायचा. तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंब योजनेतलं असेल तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हिशेब माणशी आहे, म्हणून नाव असणं महत्त्वाचं. वहिनीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून इकडे लावायचं, बाळाचा जन्मदाखला जोडून त्याचंही लावायचं. कोटा भरलेला असेल तर थांबावं लागतं, पण अर्ज केल्याशिवाय नंबरही लागत नाही. अंत्योदय कार्डावर मात्र घराला मिळून ३५ किलो, माणसं कितीही असोत. आमचं कार्ड यात बसत नाही. माझ्या वर्गातल्या एका मित्राचं बसतं, आणि त्याच्या वहिनीचं नाव दोन वर्षं लावलंच नव्हतं. म्हणजे महिन्याला पाच किलो, दोन वर्षं. तहसील कचेरीत खेटे घालायला घरात कुणाला वेळ नव्हता. वेळ कोणाकडे असतो ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

आता आपला लाडका विषय, दहा मिनिटांत घरी येणारं सामान. दादाच्या आणि माझ्या फोनमधल्या एका महिन्याच्या ऑर्डर मोजल्या: एकोणीस. त्यातल्या अकरा 'अरे, कोथिंबीर राहिली', 'दही विसरलो' या जातीच्या. लहान ऑर्डरवर डिलिव्हरीचे पैसे, हाताळणीचे पैसे. ते वाचवायला कार्टमध्ये चिप्स, आइस्क्रीम. कोथिंबिरीची जुडी अडीचशे रुपयांना पडली असं एकदा निघालं. आम्ही ॲप काढून टाकलं नाही, उगाच कशाला खोटं बोलू. पण फ्रिजवर कागद चिकटवला. संपत आलेली वस्तू ज्याच्या लक्षात येईल त्याने तिथे लिहायची. पुढच्या महिन्यात ऑर्डरी सहावर आल्या.

फ्लॅट शेअर करून किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांनी म्हणू नये की हे आमच्यासाठी नाही. चार रूममेट, चार चहाच्या पुड्या, चार मॅगीचे साठे, एकाच ओट्यावर. एकत्र घेणं ही काही नवी कल्पनाही नाही. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यात मृणाल गोरे होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. कुटुंबांचे गट करायचे, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक आणायचा आणि आपसात वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. आम्ही बिल्डिंगमधली पाच घरं मिळून मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून तांदूळ आणि गूळ आणतो. टेम्पोचं भाडं पाच जणांत वाटलं जातं. एकट्याने गेलो असतो तर वाचलेलं भाड्यातच गेलं असतं.

पहिल्या घोळाचा महिना सोडला तर पुढच्या तीन महिन्यांत मिळून सात हजारांच्या आसपास वाचले. सोसायटीचं कर्ज काढावं लागलं, पण बाबा म्हणत होते त्यापेक्षा कमी. यादीत मी एक ओळ वाढवली होती: 'दूध, अर्धा लिटर जास्त, आईसाठी'. आईने ती खोडली. मी पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदा वहिनीने लिहिली, पेनाने, आणि दूधवाल्याला परस्पर सांगून टाकलं. आई अजून म्हणते की दुधाने तिला ॲसिडिटी होते. ग्लास मात्र रिकामा असतो.

तर येत्या एक तारखेला डबे उघडा. वजनकाटा नसेल तर चहाचा कप चालेल, पण दर वेळी तोच कप घ्या.