माहिती चौकट : परीखान्यातला मराठी वकील

लखनऊच्या हजरतगंजातून कैसरबागेकडे वळलं की नवाब वाजिद अली शाहचा परीखाना लागतो. नवाबाच्या काळात इथे गाणं-नाचणं शिकवलं जाई. आज तिथे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) मुंबईचे, वाळकेश्वरचे. 1887 मध्ये एलएल.बी. झाले, काही काळ कराचीत वकिली केली. पुढे पत्नी गेली, मुलगीही गेली, आणि त्यांनी वकिली सोडली. गाण्याची विद्या घराण्यांच्या कुलुपात राहू नये, शिकेल त्याला मिळावी, हे मूल्य ते आधीपासूनच मानत होते. ध्येयं त्यातूनच आली: देशभर फिरून चिजा गोळा करणं, त्यांचं स्वरलेखन करणं, रागांची दहा थाटांत मांडणी, 1916 ची बडोद्याची संगीत परिषद आणि 1926 मध्ये लखनऊचं मॅरिस कॉलेज, म्हणजेच आजचं हे विश्वविद्यालय. याच हट्टाची दुसरी बाजूही आहे. शास्त्र न सांगणाऱ्या उस्तादांबद्दल त्यांनी कठोर लिहिलं, कधी कधी अन्याय होईल इतकं.

वकिली सोडून गाण्याकडे वळणं मूल्यांच्या भाषेतही समजून घेता येतं. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 मध्ये दहा मूलभूत मूल्यं मांडली. त्यांच्या मते प्रत्येकाच्या मनात या मूल्यांची उतरंड असते आणि दोन मूल्यांचा झगडा झाला की तीच निर्णय घेते. भातखंड्यांच्या उतरंडीत पैसा फार खाली होता.

‘क्रमिक पुस्तक मालिके’चे त्यांचे सहा भाग संगीताचे विद्यार्थी आजही वापरतात.