दाण्याची शिदोरी

आम्हा कवींना बी फार जवळचे. एवढ्याशा बीत अख्खे झाड दडले आहे, असे लिहून आम्ही मोकळे होतो. पण मृगाच्या पहिल्या सरीवर कुणी मका पेरला आणि पुढे पावसाने दडी मारली, तर त्याच्या वाट्याला दुबार पेरणी येते. बियाण्याची पिशवी पुन्हा विकत घ्यावी लागते. म्हणून आज दाण्याचा आकार आणि त्याची तहान यांविषयी बोलू या.

मक्याच्या एकाच कणसावरचे दाणे सारखे नसतात. मधले चपटे, बुडाचे जाड नि गोलसर, शेंड्याचे बारीक. बियाणे तयार करताना चाळण्या लावून ते वेगळे करतात, कारण पेरणीयंत्राच्या चकतीत ते नीट बसले पाहिजेत. पिशवीतून बारीक दाणा निघाला की घेणारा नाराज होतो. पण संकरित बियाण्यात लहानमोठे सगळे दाणे एकाच आईबापांचे. फरक असतो तो शिदोरीचा.

दाण्याचा सुमारे 80 टक्के भाग म्हणजे पिठूळ अन्नसाठा. दोन-तीन पाने फुटेपर्यंत रोपाची भिस्त मुख्यतः त्यावरच. मोठ्या दाण्याची शिदोरी मोठी, म्हणून त्याचे रोप सुरुवातीला ठसठशीत दिसते.

मग मोठाच दाणा घ्यावा का? जरा थांबा. रुजण्यासाठी दाण्याला स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 ते 35 टक्के पाणी शोषावे लागते. मोठ्याला पाणी जास्त लागते. लहान दाण्याला कमी पुरते, शिवाय वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक असल्याने तो लवकर भिजतो. ओल बेताची असेल, तर कधी कधी तोच आधी रुजतो.

अंकुर फुटल्यावर ओल तुटली, की कोंबाची वाढ आधी मंदावते. मूळ मात्र ओलीच्या शोधात खाली जात राहते. तेव्हा मोठी शिदोरी थोडा अधिक तग धरायला मदत करते. पण कोरड्या मातीतला कोरडा दाणा वाट पाहू शकतो, अंकुरलेल्याला मागे फिरता येत नाही. अर्धवट ओल म्हणूनच घातक.

त्यासाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, वाफसा पाहावा आणि दाणा 4-5 सेंटिमीटर खोल पेरावा. आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत आणि किती उगवले ते मोजावे.

पिशवीतला दाणा जरूर पाहावा. पण त्याआधी शेतातली मूठभर माती हातात घेऊन ओल पाहावी.