आईचे दूध : जबाबदारी एकट्या आईची नव्हे

बाळाला अंगावर पाजणे ही निसर्गाची देणगी; त्यात समजावून सांगण्यासारखे काय, असे आपण सहज म्हणतो. परंतु आई किती दिवस पाजू शकेल हे केवळ तिच्या इच्छेवर अवलंबून नसते. घर, बाजार, दवाखाना आणि नोकरी या चार गोष्टी ते ठरवितात.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे. जन्मानंतर तासाभरात पाजावे. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको. नंतर वरच्या आहाराबरोबर निदान दोन वर्षे पाजत राहावे. मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभरांपैकी सुमारे 42 बालकांनाच पहिल्या तासात दूध मिळाल्याचे आढळले.

पहिले कारण घरातच आहे. सुरुवातीचे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. रोगापासून बाळाचे रक्षण करणारा हा चीक काही घरांत पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवितात. आमच्या घरीही हेच झाले. बाळ रडते, म्हणजे दूध पुरत नाही, असे सर्वांनी ठरविले आणि घाटकोपरच्या दुकानातून पावडरचा डबा आम्ही स्वतः आणला. बाटलीची सवय लागल्यावर बाळ अंगावर ओढेना, म्हणून दूध आणखी आटले. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, हे साधे गणित आम्ही कोणाला विचारलेही नाही. पुढे जुलाबांनी बाळाला सलाईन लावावे लागले. दोष मात्र पत्नीच्या माथी आला : "हिला दूधच नाही!"

बाजाराला आवर घालण्यासाठी 1992 साली कायदा झाला. 2003 च्या दुरुस्तीने तो अधिक कडक होऊन दोन वर्षांखालील बालकांच्या डबाबंद आहाराची जाहिरात व मोफत नमुने यांवर बंदी आली.

दवाखाना काय करू शकतो, हे शीव रुग्णालयाने दाखविले. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. कमी वजनाच्या, आजारी बालकांना इतर मातांनी दिलेले दूध तेथे मिळू लागले.

नोकरीचा प्रश्न जुना आहे. बाळंतपणाच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात मांडली. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतीलाभाचा कायदा झाला. 1961 च्या कायद्याने 12 आठवडे दिलेली पगारी रजा 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाली. परंतु मुलुंड-अंधेरीच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला कोणती रजा? पोटासाठी ती महिन्या-दीड महिन्यात कामावर जाते. अशा मातेने स्वच्छ हातांनी, उकळलेल्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवावे. बाहेर ते चार तासांच्या आत वापरावे आणि घरच्यांनी बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या घरी वहिनी किंवा बहीण बाळंत होईल. तेव्हा डबा आणायला धावू नका. तिला वेळेवर जेवण, झोप आणि एकांत मिळतो की नाही ते पाहा. दूध कमी वाटले तर प्रथम डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारा. आम्ही जे केले नाही, ते तुम्ही करावे, एवढीच विनंती.