आधी बेतणे, मग शिवणे

शाळेच्या शिवणवर्गात विद्यार्थी प्रथम माप घेतो, कागदावर आकृती आखतो, मग कापड बेततो. यंत्रावर तो शेवटी बसतो. या क्रमाला अर्थ आहे. कल्याणलगतचे उल्हासनगर जीन्ससाठी प्रसिद्ध आहे. या धंद्यात केवळ शिवणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. बेतणारा ‘मास्टर’ ठरतो. बेतण्याचा हा मान धम्मपरंपरेतही दिसतो. मगधातील बांधांनी विभागलेली शेते दाखवून तथागतांनी भिक्खूंच्या चीवराची रचना आनंदाकडे सोपवली, असे विनयपिटक सांगते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारा पेहराव टाकण्यास सांगितले. आपले वस्त्र इतरांनी ठरवू नये, हाच त्याचा आशय. म्हणून पालकहो, आपल्या मुलामुलींना शिवण्याबरोबर बेतणेही शिकू द्या.