क्ष-किरणांचे चौथे माप

आकाशातून येणारा किरण शास्त्रज्ञाला चार गोष्टी सांगू शकतो. तो कोठून आला, केव्हा आला आणि किती ऊर्जा घेऊन आला, या त्यांपैकी तीन. चौथी गोष्ट म्हणजे त्याच्या तरंगाचे कंपन कोणत्या दिशेने होत होते. १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणातून उपकरण पाठवून वृश्चिक राशीतील पहिला तेजस्वी क्ष-किरण स्रोत शोधला. त्यानंतर पहिल्या तीन मापांत विलक्षण प्रगती झाली. चौथे माप मात्र जवळजवळ अर्धशतक अडगळीत पडून राहिले.

या चौथ्या मापाला ध्रुवण म्हणतात. साध्या दिव्याच्या प्रकाशात कंपने सर्व दिशांना सारखी विखुरलेली असतात. काही कारणाने ती एका दिशेकडे झुकली, तर तो प्रकाश ध्रुवित झाला असे समजावयाचे. (वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळणाऱ्या राजकीय ध्रुवीकरणाशी याचा संबंध नाही, ते मोजण्यास उपग्रहाचीही गरज भासत नाही.) प्रबळ चुंबकीय क्षेत्र किंवा तप्त वायूवरून होणारे विकिरण यांमुळे किरणांना असा झुकाव येतो. म्हणूनच हे माप मोलाचे ठरते. कृष्णविवराभोवतीची तबकडी इतकी दूर आणि इतकी लहान असते की मोठ्यात मोठ्या क्ष-किरण दुर्बिणीलाही ती केवळ एका ठिपक्यासारखी दिसते. त्या ठिपक्याच्या पोटातील रचना कशी आहे, हे छायाचित्र सांगत नाही, ध्रुवण सांगते.

मग ते इतकी वर्षे मोजले का गेले नाही? क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, त्यामुळे यंत्र अवकाशातच न्यावे लागते. परंतु खरी अडचण संख्येची आहे. एखादा स्रोत आहे एवढे कळावयास मोजके फोटॉन पुरतात; त्याचे एक टक्का ध्रुवण विश्वासाने मोजावयाचे, तर लाखो फोटॉन गोळा करावे लागतात. कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट नोविक यांच्या गटाने १९७१ मध्ये अग्निबाणातील उपकरणाने क्रॅब अभ्रिकेचे ध्रुवण प्रथम टिपले. ही अभ्रिका म्हणजे १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदविलेल्या तारकास्फोटाचा अवशेष. १९७५ मध्ये सोडलेल्या ‘ओएसओ-८’ उपग्रहाने तेच माप सुमारे १९ टक्के असे निश्चित केले. तेथील क्ष-किरण चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून निघतात, हे त्यावरून पक्के झाले.

आणि मग पाऊल थबकले. एका रशियन मोहिमेसाठी ध्रुवणमापक बांधून तयार झाला. पण सोव्हिएत संघ कोसळला, मोहीम रखडली आणि यंत्र जमिनीवरच राहिले. अमेरिकेने २००९ मध्ये निवडलेली ‘जेम्स’ ही मोहीम वाढत्या खर्चामुळे २०१२ मध्ये रद्द झाली. सुंदर छायाचित्रे देणाऱ्या दुर्बिणींना पैसा मिळत गेला. हजारो तासांच्या मोजणीतून टक्केवारीचा एखादा आकडा देणारे यंत्र मागे पडले. अनुदान देणाऱ्यांचा हा कल समजण्याजोगा असला, तरी शास्त्राला तो महाग पडला.

कोंडी फोडली ती इटालियन संशोधकांच्या एका कल्पनेने. क्ष-किरण वायूच्या अणूवर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतो, आणि तो बहुधा किरणाच्या कंपनाच्या दिशेनेच उडतो. मिलिमीटरहूनही आखूड असा त्याचा मार्ग टिपता आला, तर प्रत्येक फोटॉनकडून साक्ष मिळते. एन्रिको कोस्टा, रोनाल्दो बेलाझिनी व सहकाऱ्यांनी असा शोधक २००१ मध्ये जगापुढे मांडला. तो घेऊन अमेरिका व इटली यांचा ‘आयएक्सपीई’ उपग्रह उडाला ९ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी. त्याचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन वाइसकॉफ तरुणपणी नोविक यांच्या १९७१ च्या प्रयोगात सहभागी होते.

निष्कर्षांनी अनेक गृहीतकांना धक्का दिला. हंस तारकासमूहातील ‘सिग्नस एक्स-१’ या कृष्णविवराजवळ सुमारे ४ टक्के ध्रुवण आढळले आणि त्याची दिशा तेथून निघणाऱ्या झोताला समांतर निघाली. तेव्हा तेथील तप्त वायू झोताच्या बाजूने उभा नसून तबकडीलगत आडवा पसरलेला असला पाहिजे. ‘हर्क्युलिस एक्स-१’ या न्यूट्रॉन ताऱ्याची कथा अधिक बोलकी आहे. सिद्धांताने त्याचे ध्रुवण ६० ते ८० टक्के असेल असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात ते ९ टक्क्यांच्या आसपास भरले. दशकानुदशके पाठ्यपुस्तकी मानल्या गेलेल्या चित्रात काहीतरी उणे आहे, हे मोजल्यावाचून कळले नसते.

या कामात भारताचा वाटा नाममात्र नाही. २०१५ च्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्याच्या ‘आयुका’सह अनेक संस्थांच्या साहाय्याने उभारलेल्या उपकरणाने, क्रॅब अभ्रिकेचे फार उच्च ऊर्जेतील ध्रुवण मोजले, ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्सपोसॅट’ सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर गेला. त्यावरील ‘पोलिक्स’ हा ध्रुवणमापक बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बांधला. अमेरिकी-इटालियन उपग्रह २ ते ८ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत मोजतो. ‘पोलिक्स’ची रचना ८ ते ३० हजारांसाठी आहे. हलक्या पदार्थावरून किरण विखुरले की ते अधिक करून कंपनाच्या काटकोनात जातात. भोवतीचे चार शोधक ते मोजतात. शोधकांतील उणीव ध्रुवण म्हणून खपू नये यासाठी सारा उपग्रहच निरीक्षणाच्या अक्षाभोवती संथ फिरत ठेवण्याची योजना आहे.

न्यूट्रॉन ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे आपली थेट खूण ज्या ऊर्जापट्ट्यात उमटवतात, त्याचा मोठा भाग याच मर्यादेत येतो. तेथे सिद्धांताची भाकिते पुष्कळ आहेत, मापे अत्यल्प. विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या नोंदी लवकर व खुलेपणाने हाताळावयास मिळाल्या, तर त्यांचे चीज होईल. त्या केवळ उभारणाऱ्या संस्थांच्या कपाटात राहता कामा नयेत. मोहिमेच्या मूळ आराखड्यात सुमारे ५ वर्षांत जवळपास ४० तेजस्वी स्रोत धरलेले आहेत. म्हणजे एकेका ताऱ्याकडे सरासरी दीड महिना टक लावून पाहावयाचे, आणि त्यातून हाती यावयाचे दोन आकडे: टक्केवारी आणि कोन.