रायफलची दारू वेगळी, पिस्तुलाची वेगळी

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, ती साफ करून पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबायची. अमेरिकेत हा उद्योग कित्येक लोक घरच्या गॅरेजमध्ये छंद म्हणून करतात. त्याला तिथे ‘रीलोडिंग’ म्हणतात. काडतुसात पुंगळी हाच सहसा सर्वांत महाग भाग असतो, त्यामुळे पैसे वाचतात आणि आपल्या बंदुकीला मानवेल असे काडतूस हाताने घडवता येते. पण यातला एक निर्णय चुकला, तर बंदूक चालवणाऱ्याच्या हातातच फुटू शकते. तो निर्णय म्हणजे कुठली दारू घ्यायची.

दुकानात या दारूचे अनेक प्रकार मिळतात. डबे उघडले तर बहुतेकांत करड्या-काळपट रंगाचे दाणे दिसतात आणि नवख्याला त्यांत फारसा फरक कळत नाही. रसायनही बहुतेक एकच असते. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू तयार केली. आजची जवळजवळ प्रत्येक दारू तिच्याच कुळातली. काहींत जोडीला नायट्रोग्लिसरीन असते. तेव्हा रायफलची आणि पिस्तुलाची दारू वेगळी ठरते ती मुख्यतः जळण्याच्या वेगामुळे.

उसाचे पाचट पेटवले की क्षणात भडका उडतो आणि राख होते. तेवढ्याच वजनाचा बाभळीचा ओंडका मात्र बराच वेळ जळत राहतो. कारण उघड आहे. पाचटाचा जवळपास सगळा भाग एकाच वेळी आगीला भिडतो, ओंडक्याची फक्त वरची साल. दारूही दाण्याच्या पृष्ठभागावरूनच आत आत जळते. म्हणून कारखान्यात दाण्याचा आकार बदलून तिचा वेग ठरवतात. पातळ चकत्या झटपट जळतात. जाडसर कांडी सावकाश जळते. कांडीला मधोमध भोक ठेवले तर बाहेरचा पृष्ठभाग जळून कमी होत असताना आतला वाढत जातो आणि वायू एकसारखा निघत राहतो. याशिवाय दाण्यावर ज्वलन मंदावणारा लेपही देतात. ब्रिटिशांनी 1889 मध्ये आणलेली कॉर्डाइट तर शेवयांसारख्या लांब दोऱ्यांच्या रूपात असे. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरांत अरुवनकाडूला तिचा कारखाना निघाला, त्याच्या नावात अजूनही कॉर्डाइट आहे.

आता बंदुकीकडे पाहू. पिस्तुलाची नळी साधारण चार-पाच इंचांची. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलात गोळी तुलनेने हलकी आणि पुंगळी आखूड. गोळीला जो काही धक्का द्यायचा तो एवढ्याच अंतरात द्यायचा आहे. म्हणून तिथे भराभर जळणारी दारू लागते, तीही थोडी. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम अर्धा. पिस्तुलाच्या काडतुसात अशी चार-सहा ग्रेन दारू असते. .308 रायफलच्या काडतुसात मात्र चाळीस ग्रेनच्या वर भरावी लागते. तिची नळी वीस-चोवीस इंचांची आणि गोळी सहसा जड. तिथे एकदम धक्का देऊन उपयोग नाही. बंद पडलेली गाडी ढकलताना जसा जोर धरून ठेवावा लागतो, तसा गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागून दाब टिकून राहावा लागतो.

हा दाब केवढा? घरातल्या प्रेशर कुकरमध्ये हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट दाब असतो. 9 मिलिमीटरच्या काडतुसाला अमेरिकी मानकांनुसार सुमारे 2,400 पट दाब चालतो, तर .308 ला सुमारे 4,200 पट. इथेच या दारूचा एक खोडसाळ गुण आडवा येतो. उघड्यावर पेटवली तर ती नुसती फुरफुरत जळते. कोंडली, की दाब वाढतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र आवाक्यात राहते ते गोळी पुढे सरकून वायूला जागा करून देते म्हणून. रायफलच्या पुंगळीत तिच्या नेहमीच्या मापाने पिस्तुलाची दारू भरली, तर गोळी हलायच्या आधीच दाब भलतीकडे जातो आणि पोलाद फाटते. चेहरा आणि हात त्यापासून वीतभर अंतरावर असतात.

उलट चूकही निरुपद्रवी नाही. पिस्तुलात रायफलची संथ दारू घातली, तर गोळी नळीबाहेर पडली तरी दारू जळतच असते. तोंडाशी मोठा जाळ दिसतो, न जळलेले दाणे सांडतात आणि कधी गोळी नळीतच अडकते. ते लक्षात न येता पुढचा बार काढला, की नळी फुगते किंवा फुटते.

पिस्तुलाच्या वेगवान दारूत आणखी एक सापळा आहे. .38 स्पेशलसारखी जुनी काडतुसे धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या काळात बेतलेली, म्हणून त्यांच्या पुंगळ्या ऐसपैस. आजची दारू तिथे तळाशी चिमूटभर दिसते. हात चुकून दोनदा माप पडले तरी पुंगळी भरून वाहत नाही. अनुभवी मंडळी म्हणूनच गोळी बसवण्यापूर्वी सगळ्या पुंगळ्या ओळीत ठेवून उजेडात आत डोकावतात आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात.

ज्वलनवेगाचे छापील तक्ते मिळतात, पण ते फक्त क्रम सांगतात. दोन शेजारच्या दारूंत किती अंतर आहे, ते त्यावरून कळत नाही. नावांवर तर अजिबात विसंबू नये. आयएमआर 4895 आणि एच 4895 यांचा आकडा एकच, पण दारू दोन आणि मापेही दोन. पिस्तूल-रायफल ही विभागणीसुद्धा पक्की नाही. मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काही काडतुसे संथ दारूवरच नीट चालतात. म्हणून कंपनीने प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या पुस्तिकेतले माप सोडून अंदाजाने काही करायचे नाही, हा त्या छंदातला पहिला नियम.

ही चूक फक्त हौशी माणसांकडूनच होते असे नाही. अमेरिकी सैन्याची एम 16 रायफल कांडीच्या दारूवर बेतली होती. 1964 मध्ये तिच्या काडतुसांसाठी गोल दाण्यांची वेगळी दारू स्वीकारली गेली. गोळीचा वेग हवा तेवढाच मिळत होता, म्हणून कागदावर सगळे ठीक होते. पण ही रायफल नळीतल्या भोकातून थोडा वायू घेऊन पुढचे काडतूस आपोआप चढवते. नव्या दारूचा दाब त्या भोकापाशी जास्त राही, त्यामुळे रायफल ठरल्यापेक्षा भरभर चाले आणि वायूच्या नळीत राखेची पुटे जमत. त्यात भर म्हणजे साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिलेले नव्हते आणि काडतूस बसते त्या जागेला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट जंगलात ऐन चकमकीत रिकाम्या पुंगळ्या अडकू लागल्या. अडकलेली रायफल हातात घेऊन सैनिक मेले. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने दारूतल्या या बदलावर थेट बोट ठेवले.

स्फोटाइतका उघड नसलेला धोका शिशाचा. गोळीत शिसे असतेच, बहुतेक टोप्यांतही त्याचे संयुग असते. जुन्या पुंगळ्या कोरड्या घुसळून साफ करताना ही बारीक धूळ उडते, कपड्यांवर आणि बोटांवर बसते. मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण कितीही कमी असले तरी ते सुरक्षित मानत नाहीत. त्यामुळे हे काम राहत्या खोलीत करू नये, करताना खाऊ-पिऊ नये आणि नंतर साबणाने हात धुऊन कपडे वेगळे धुवावेत, असे सांगतात.

भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद इथे घराघरांत पोचलेला नाही. खेळालाही त्याची फारशी गरज पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात .22 ची काडतुसे वापरतात. त्यांना वेगळी टोपी नसतेच. पेट घेणारे रसायन पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, म्हणून ती पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही.